गेलेली वाचा आणि शेजारधर्म

मेंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी लिहिला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. कवटी उघडून बोटभर जागेत जीवनमरणाचा निकाल लावणाऱ्या माणसाचे नाव लोकांच्या लक्षात राहिले, तर त्यात नवल ते काय? परंतु या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती रुग्णालयाच्या दारापाशी सुरू होते. टाके निघालेले असतात, ताप उतरलेला असतो, वैद्यांनी घरी जाण्याची अनुज्ञा दिलेली असते. आणि गाडीतून उतरून उंबरठ्याच्या आत आलेले माणूस पूर्वीचे राहिलेले नाही, हे घरच्यांना पहिल्याच रात्री उमगते. तेथून पुढे काय करावयाचे? या प्रश्नाचे एक उत्तर १९६५ साली इंग्लंडमधील एका लहानशा गावात शोधले गेले. ते शोधणारांत वैद्य कोणी नव्हते.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. मेंदूला शुद्ध रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या कवटीच्या तळाशी एकमेकींस मिळून एक कडे तयार करतात. जेथे एका रोहिणीतून दुसरी फुटते, त्या सांध्यावर काही माणसांत भिंत दुबळी पडते आणि रक्ताच्या दाबाने तेथे फुगा धरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगवटा यावा, तसा. हा फुगा वर्षानुवर्षे मुका राहतो. पुष्कळांना तो असल्याची वार्ता आयुष्यभर लागत नाही. पण तो फुटला, की क्षणार्धात डोक्यावर घण पडल्यासारखी वेदना होते, वांती होते, मान ताठरते आणि माणूस शुद्ध हरपून कोसळतो. त्यांतून वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला अर्धांग, वाचाघात अथवा स्मृतिभ्रंश येतो.

एकोणिसाव्या शतकात असा फुगा बहुधा मृत्यूनंतरच दिसे. १९२७ साली लिस्बन येथील एगाश मोनिश यांनी रोहिणीत औषध टोचून क्ष-किरणांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले, तेव्हा जिवंत माणसातील फुग्याची जागा हुडकण्याचा मार्ग खुला झाला. १९३१ मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी रुग्णाच्याच स्नायूचा तुकडा फुटलेल्या फुग्याभोवती गुंडाळून रक्तस्राव थांबविला. पुढे २३ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीचा एक इवलासा चिमटा बसवून तो कायमचा बंद केला. त्यानंतर सूक्ष्मदर्शक आला, आणि १९९० च्या सुमारास मांडीतील रोहिणीवाटे बारीक नळी वर नेऊन, कवटी न उघडताच, फुग्यात धातूचे वेटोळे सोडण्याची युक्ती निघाली. ही सारी कथा मोठी रम्य आहे व ती अनेकदा सांगितली गेली आहे. येथे तिचा उल्लेख एवढ्याचसाठी, की १९६५ साली शल्यविशारदाच्या हाती प्राण वाचविण्याचे साधन आलेले होते. वाचलेल्या प्राणाचे काय करावयाचे, याचे साधन मात्र कोणाजवळही फारसे नव्हते.

पॅट्रिशिया नील ही अमेरिकन नटी त्या वर्षी एकोणचाळीस वर्षांची होती. केंटकी राज्यातील कोळशाच्या खाणींच्या एका वस्तीत जन्म, टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरी बालपण, विशीतच रंगभूमीवर नाव, आणि १९६४ मध्ये ‘हड’ या चित्रपटातील भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक, असा तिचा चढता आलेख होता. तिचे पती रोआल्ड डाल हे इंग्लंडमध्ये राहणारे लेखक. मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकांमुळे पुढे ते जगभर घरोघरी पोहोचले. १७ फेब्रुवारी १९६५ च्या सायंकाळी लॉस एंजेलिस येथील भाड्याच्या घरात नीलबाई आपल्या मुलीला न्हाऊ घालीत असता त्यांच्या डोक्यात भयंकर कळ आली. चित्रपटाच्या कामास नुकताच आरंभ झाला होता, आणि पोटात तीन महिन्यांचे मूल होते. रुग्णालयात नेईपर्यंत व नेल्यानंतर असा एकूण तीन वेळा रक्तस्राव झाला. चार्ल्स कार्टन या शल्यविशारदांनी रात्री सात तास शस्त्रक्रिया केली. पुढे सुमारे तीन आठवडे बाई बेशुद्ध होत्या. चित्रपटव्यवसायाच्या एका पत्राने तर त्यांच्या मृत्यूची वार्ताही छापून टाकली.

बाई जगल्या. परंतु शुद्धीवर आल्या त्या उजवे अंग लुळे पडलेले, एकाच्या ठिकाणी दोन प्रतिमा दिसत असलेल्या, आणि वाचा गेलेली अशा स्थितीत. उजवे अंग आणि वाणी ही दोन्ही एकाच वेळी जावीत, यात योगायोग नव्हता. बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असतात, आणि तोच अर्धा भाग शरीराची उजवी बाजू हलवितो. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये हे वाणीचे स्थान दाखवून दिले, त्यास तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. ज्ञान होते, पण त्या ज्ञानाने घरी पाठविलेल्या बाईस चमचा या वस्तूला काय म्हणतात ते आठवत नव्हते. स्वतःच्या मुलांची नावे आठवत नव्हती. जिच्या जिभेवर नाटकांचे अंकच्या अंक खेळत, तिला पुन्हा धुळाक्षरांपासून आरंभ करणे भाग होते.

मे महिन्यात हे कुटुंब इंग्लंडला, लंडनच्या वायव्येस असलेल्या ग्रेट मिसेंडन या गावी आपल्या घरी परतले. येथे डाल यांच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पुढचे सारे त्या स्वभावातून निघाले. या घराने आघात थोडे सोसले नव्हते. १९६० च्या डिसेंबरमध्ये त्यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ न्यूयॉर्क येथे बाबागाडीत असता मोटारीचा धक्का लागून जबर जखमी झाला व त्याच्या मेंदूत पाणी साठू लागले. ते पाणी काढणारी नळी वारंवार तुंबे. तेव्हा हा लेखक स्वस्थ बसला नाही. खेळण्यातील विमानांची इंजिने बनविणारे स्टॅन्ली वेड हे तंत्रज्ञ आणि केनेथ टिल हे शल्यविशारद यांस त्यांनी एकत्र आणले व तिघांनी मिळून न तुंबणारी झडप तयार केली. ती सिद्ध होईतो थिओला तिची गरज उरली नव्हती, पण पुढे जगातील सुमारे तीन हजार मुलांवर ती वापरली गेली. १९६२ मध्ये थोरली मुलगी ऑलिव्हिया गोवराने मेंदूस सूज येऊन वयाच्या सातव्या वर्षी गेली. त्या वेळी मात्र करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि हे न करता येणेच डाल यांच्या मनाला फार लागले असावे. पत्नीच्या वेळी ते पुन्हा तंत्रज्ञाच्या वृत्तीने कामास लागले.

वाणीवरील उपचार त्या काळी आठवड्यातून मोजक्या वेळा व थोडा थोडा वेळ मिळत. उरलेला दिवस रुग्णाने खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहावयाचे. डाल यांस हे मान्य होईना. जो मेंदू दिवसभर रिकामा राहील तो रिकामाच राहील, अशी त्यांची समजूत होती. ती शास्त्राच्या आधारावर नव्हती. हा एक हट्ट होता. त्यांनी गावातील मित्र व शेजारी यांची पाळी लावली. एकाने एक तास यावे, तो गेला की दुसऱ्याने यावे, असे रोज सहा तास. येणारांत प्रशिक्षित असे कोणी नव्हते. कोणी पुस्तक वाचून घेई, कोणी चित्रातील वस्तूंची नावे विचारी, कोणी शब्दकोडी मांडी, कोणी पैशांचा हिशेब करावयास लावी. याखेरीज हवाई दलाच्या रुग्णालयात अंगाचा व्यायाम असे. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधून बाई चालावयास शिकल्या. घरात मात्र त्यांस कोणी आयते काही हाती द्यावयाचे नाही, असा दंडक होता. वस्तू हवी असेल तर तिचे नाव घ्यावे. नाव येईपर्यंत वस्तू मिळणार नाही.

आपल्याकडील एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला हा दंडक क्रूर वाटेल. आपल्या घरांत अर्धांग झालेल्या माणसाची सेवा उणी पडत नाही. सून पेज भरविते, मुलगा पाय चेपतो, नातवंडे उशाशी बसतात. परंतु कोणी भेटावयास आले व त्यांनी ‘कसे काय, काका?’ असे विचारले, की काकांच्या ओठांची हालचाल सुरू होण्यापूर्वीच तीन माणसे उत्तर देतात. काकांना काय म्हणावयाचे होते, ते काकांपाशीच राहते. प्रेमानेच घडते हे. आणि त्या प्रेमाखाली माणसाची उरलीसुरली वाचा हळूहळू दडपून जाते. डाल यांच्या घरात याच्या नेमके उलट घडत होते. तेथे प्रेम होते की नव्हते याविषयी पुढे लोकांत वाद झाले, पण बाईंच्या तोंडचा शब्द कोणी काढून घेत नव्हते.

शब्द येऊ लागले तेही विलक्षण रूप घेऊन. नेमका शब्द सापडेना, तेव्हा बाईंचा मेंदू दुसराच कोणता तरी घडवून पुढे करी. एका पेयाचे नाव आठवेना, म्हणून त्यांनी ‘सोप ड्रायव्हर’ मागितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. घरचे हसत, मग बाईही हसत, आणि काही वेळाने रडत. डाल यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बीएफजी’ या पुस्तकातील राक्षस जी उलटसुलट भाषा बोलतो, तिचे मूळ या दिवसांत असावे, असे काही अभ्यासक मानतात.

हसणे आणि लगोलग रडणे, हा नुसता मनाचा दुबळेपणा नव्हे. मेंदूतील अशा आघातानंतर भावनांना आवर घालणारे धागेच कधीकधी तुटतात. क्षुल्लक कारणाने डोळे भरून येतात आणि ते आवरता येत नाहीत. त्याशिवाय खोल खिन्नता असते, ती अंशतः मेंदूच्या इजेची आणि अंशतः गमावलेल्या आयुष्याच्या जाणिवेची. झोपेने न जाणारा थकवा असतो. आणि भीती असते: साधे डोके दुखले, तरी पुन्हा काही फुटले की काय, असे वाटून हात गार पडतात. छायाचित्रात मेंदू ठीक दिसू लागला तरी ही दुखणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात, हे आज वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. १९६५ साली ते रुग्णालाच ठाऊक असे आणि त्याला ते सांगता येत नसे. नीलबाईंनी पुढे १९८८ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात त्या दिवसांतील निराशा आणि संताप लपविलेला नाही. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्यांच्या पोटातील मूल सुखरूप जन्मले. लूसी नावाची ती मुलगी पूर्ण निरोगी होती. जगाने हे आश्चर्य म्हणून वाचले. आईला मात्र बाळाकडे पाहताना त्याचे नाव शोधावे लागत होते.

याच सुमारास त्या घरात व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या शेजारीणबाई येऊ लागल्या. त्या स्वतः दुखण्यातून उठलेल्या होत्या. कंठग्रंथीच्या विकारामुळे नोकरी सोडून त्या गावी वडिलांजवळ राहत होत्या. शिक्षणशास्त्राचा किंवा वैद्यकाचा त्यांस गंध नव्हता. पण इतरांच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट त्यांनी हेरली: समोरची स्त्री मूल नव्हे. तिची भाषा गेली आहे, बुद्धी गेलेली नाही. चांगल्या जाणत्या नटीसमोर बालवाडीची चित्रे धरली, तर तिला शिकण्यापेक्षा लाज अधिक वाटते. म्हणून ग्रिफिथबाईंनी तिच्या आवडीनिवडीतून, तिच्या धंद्यातून, तिच्या ओळखीच्या माणसांतून धडे काढले, खेळ मांडले, आणि चुकली तर दुरुस्त करण्याची घाई केली नाही. दोघींचे हे काम दिवसागणिक वाढत गेले. शस्त्रक्रियेने प्राण परत दिला होता आणि पतीच्या हट्टाने दिनक्रम दिला होता; हे माणूस अजून पूर्वीचेच आहे अशा विश्वासाने समोर बसणारे कोणी तरी मिळाले, ते या शेजारणीच्या रूपाने.

मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथे मेंदूस इजा झालेल्या मुलांच्या साहाय्यार्थ एक मोठा समारंभ झाला. त्यात नीलबाईंनी भाषण करावे, असे डाल यांनी परस्पर ठरवून टाकले. बाई संतापल्या, घाबरल्या. ग्रिफिथबाईंनी ते भाषण ओळीओळीने त्यांच्याकडून घोटवून घेतले आणि त्या त्यांच्यासोबत न्यूयॉर्कला गेल्या. भाषण झाले, सभागृह उठून उभे राहिले. आत्मचरित्रात बाईंनी पतीस त्या काळी ठेवलेल्या शेलक्या नावांचा पाढा वाचला आहे, आणि त्याच जागी, आपल्याला पुन्हा खोल पाण्यात ढकलले ते यानेच, हेही कबूल केले आहे. पुढच्या वर्षी ‘द सब्जेक्ट वॉज रोझेस’ या चित्रपटात त्यांनी प्रमुख भूमिका केली. पाठांतर पूर्वीसारखे राहिले नव्हते. तरी त्या भूमिकेसाठी त्यांचे नाव पुन्हा ऑस्करच्या यादीत आले.

एवढ्यावर थांबले तर ही एका प्रसिद्ध नटीची कथा होईल, आणि प्रसिद्ध माणसांना साहाय्य मिळते यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. तो आक्षेप खराही आहे. डाल यांच्या घरी पैसा होता, मोकळा वेळ असलेला शेजार होता, आणि रुग्णाचे नाव असे होते की तिच्यासाठी एक तास काढणे हा मानच वाटावा. पण ग्रिफिथबाई तेथे थांबल्या नाहीत. नाईल नदीवरील ग्रंथांनी ख्याती पावलेले लेखक ॲलन मूरहेड यांस १९६६ च्या अखेरीस असाच आघात झाला, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि लिहिण्यावाचण्याची व बोलण्याची शक्ती गेली. ग्रिफिथबाईंनी त्यांच्यासोबतही काम केले. येथे मात्र न्यूयॉर्कचा समारंभ घडला नाही. मूरहेड चालू-फिरू लागले, थोडेसे बोलू लागले. पण पुन्हा ग्रंथ लिहू शकले नाहीत. १९७० मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले, तेही पूर्वी लिहिलेल्या मजकुरातून त्यांच्या पत्नीने सिद्ध केलेले. सहा तास असोत की सोळा, मेंदूचा जो भाग मेला तो मेलाच, ही कठोर गोष्ट या घरात कोणी लपविली नाही. तरीही मूरहेड यांच्याशी बोलत बसणारे माणूस येत राहिले.

त्याच १९७० साली ग्रिफिथबाईंनी आपल्या अनुभवांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. घरातील सामान्य माणसाने आणि शेजाऱ्याने काय करावे, हे सामान्य भाषेत सांगणारे ते पुस्तक होते. त्यानंतर १९७३ मध्ये, छाती, हृदय व मेंदूचा आघात या रोगांसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या आश्रयाने, त्यांनी स्वयंसेवकांची योजना सुरू केली. पद्धत ग्रेट मिसेंडनचीच होती: गावातील माणसाने आठवड्यातून ठरल्या वेळी वाचाघात झालेल्याच्या घरी जावे, तासभर त्याच्याशी बोलावे, खेळावे, ऐकावे. आता रुग्ण कोणी नटी नव्हती. दुकानदार, गवंडी, निवृत्त शिक्षिका, कोणीही. पुढे अनेक गावांत अशा रुग्णांचे मेळावे भरू लागले. आपल्यासारखेच अडखळणारे दुसरे माणूस तेथे प्रथमच भेटे, आणि त्याच्यासमोर अडखळण्याची लाज वाटत नसे.

व्यावसायिक उपचारकांस ही योजना सर्वस्वी रुचली असे नाही. अनाडी माणसांच्या हाती रुग्ण देणे धोक्याचे, हा त्यांचा आक्षेप वाजवी होता. १९८२ साली ब्रिटनमध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. तीत काही रुग्ण प्रशिक्षित उपचारकांकडे व काही स्वयंसेवकांकडे सोपविले होते. दोन्ही गटांतील रुग्ण सुधारले, आणि सुधारणेत लक्षणीय अंतर आढळले नाही. यावरून प्रशिक्षण निरर्थक ठरते, असा निष्कर्ष काढणे हा आततायीपणा होईल. स्वयंसेवकांना रुग्णाची माहिती उपचारकांनीच पुरविली होती, आणि वाणीच्या उपचारांचे शास्त्र त्यानंतर पुष्कळ पुढे गेले आहे. पण तासभर समोर बसून ऐकणारे माणूस हेही उपचारातच मोडते, एवढे त्या तुलनेने सूचित केले.

डाल दांपत्याचा संसार मात्र टिकला नाही. १९८३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. ज्या हातांनी ओढून किनाऱ्यावर आणले, त्या हातांची पकड बाईंना पुढे जाचली असेल. डाल यांचे मन दुसरीकडे जडले होते, हेही सर्वश्रुत आहे. शुश्रूषा करणारा आणि करून घेणारा यांचे नाते पुन्हा पतिपत्नीचे होणे किती अवघड असते, ते ज्यांच्या घरी दीर्घ दुखणे येऊन गेले त्यांना सांगावयास नको.

ज्या नॉक्सव्हिल शहरी नीलबाई लहानाच्या मोठ्या झाल्या, तेथील रुग्णालयात १९७८ मध्ये मेंदूच्या व मज्जारज्जूच्या आघातातून उठणाऱ्यांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. नाव देऊन त्या मोकळ्या झाल्या नाहीत. उजव्या पायात थोडा अधूपणा राहिलेला, एका डोळ्याची दृष्टी मंदावलेली, आणि शब्द अधूनमधून दगा देणारे, अशा स्थितीत त्या पुढे तीस वर्षे तेथे येत-जात राहिल्या आणि खाटेवरच्या माणसांशी बोलत राहिल्या. ८ ऑगस्ट २०१० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्या निवर्तल्या.